पापुद्र्यावरचा काळा डाग

दारावरचा लाल दिवा सकाळी साडेसात वाजता पेटलेलाच होता.

रेवण्णा किल्ल्यांचा जुडगा हातात धरून त्याच्याकडे बघत उभा राहिला. लाल दिवा म्हणजे आत काम चालू आहे, दार उघडायचं नाही. बावीस वर्षं त्याने हा नियम पाळला होता. पण बाकाखाली इंचराच्या चपला होत्या. रात्रभर थांबायचं असलं की ती त्याला सांगून ठेवायची, आणि काल तिने तसं काही सांगितलं नव्हतं.

त्याने दार वाजवलं. थांबून पुन्हा वाजवलं. मग उघडलं.

गार हवा अंगावर आली. सूक्ष्मदर्शकापुढची खुर्ची आडवी झाली होती. तिच्याशेजारी इंचरा कुशीवर पडली होती, एक हात दाराच्या दिशेने लांबवलेला. रेवण्णाने खाली बसून तिच्या कपाळाला हात लावला आणि तो तसाच बसून राहिला. बाहेर बागेतल्या माळ्याला त्याची हाक ऐकू गेली तेव्हा आठ वाजत आले होते.

इन्स्पेक्टर पोन्नम्मा नऊ वाजता त्या संशोधन संस्थेत पोचली. पन्नाशीची, कोडगूची, घरातले सगळे पुरुष फौजेत गेलेले. म्हैसूरच्या एप्रिलातून ती त्या खोलीत शिरली आणि पाच मिनिटांत तिच्या दंडावर काटा उभा राहिला.

खोली न्हाणीघराएवढी. खिडकी नाही. मधोमध जड पोलादी टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, बाजूला संगणक. छताजवळ एक पंखा हवा बाहेर फेकत होता. मुलीच्या अंगात पातळ सुती कुडता होता. अंगावर जखम नाही, झटापट नाही.

"इतकं गार का ठेवता?" तिने विचारलं.

"एकोणीसवर ठेवतो, मॅडम. बारा महिने," रेवण्णा म्हणाला. तो कोरड्या आवाजात बोलत होता. "यंत्राला उकाडा चालत नाही. आम्ही आत जायचं तर स्वेटर चढवूनच जातो."

बाहेर दाराशेजारी खुंट्या होत्या. एकीवर रेवण्णाचा राखाडी स्वेटर, एकीवर शाल, एकीवर मोहरी रंगाचा हातविणीचा स्वेटर.

"हा कुणाचा?"

"तिचाच. आईने विणून दिलेला."

पोन्नम्माने तो हातात घेऊन पाहिला आणि पुन्हा खुंटीला लावला.

खुंट्यांच्या पलीकडे भिंतीला साखळीने बांधलेले दोन उंच सिलिंडर होते. दोन्हींचेही काटे शून्यावर. त्यांची नळी भिंतीतल्या भोकातून आत जाऊन टेबलाच्या पायाला जोडलेली असायची. आता तिचं तोंड जमिनीवर मोकळं पडलं होतं.

"यात काय असतं?"

"नायट्रोजन. त्याच्या दाबावर टेबल तरंगतं. नाहीतर रस्त्यावरून बस गेली तरी चित्र हलतं." रेवण्णा भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. "वास नाही त्याला, रंग नाही. खोलीत भरला की श्वास घ्यायला हवाच उरत नाही. माणसाला गुंगी येते. कळत पण नाही."

"सिलिंडरवरचं हे चाक कोण फिरवतं?"

"मीच. काल दोनला लाईट जायची होती. पाचपर्यंत दुरुस्ती, आधीच सूचना लागली होती. सगळ्यांना दोनला सुट्टी दिली. भार्गवी मॅडमनी मला गावात काचपट्ट्या आणायला पाठवलं आणि तसाच घरी जा म्हणाल्या. निघताना चाक बंद करायचं होतं." त्याने दोन्ही हात उघडून त्यांच्याकडे बघितलं. "केलं का नाही, आठवत नाही मला. मीच मारलं तिला, मॅडम."

हेड कॉन्स्टेबल चेलुवय्याने वही काढली. पोन्नम्माने त्याला थांबवलं.

"लाईट गेली की हा वरचा पंखा?"

"बंद पडतो. एसी पण. यंत्र तेवढं बॅटरीवर चालतं."

"आणि पाचनंतर?"

"आपोआप सुरू होतं सगळं."

चेलुवय्या संगणकापाशी वाकला होता. "मॅडम, तिचं शेवटचं काम इथं आहे. संध्याकाळी सहा बेचाळीसला साठवलंय."

पोन्नम्माने वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. सहा बेचाळीसला पोरगी काम करत होती. म्हणजे मेली त्यानंतर. त्यावेळी हा पंखा चालू होता. मग गॅस कोंडला कसा?

तिने तो प्रश्न कुणाला विचारला नाही.

डॉक्टर भार्गवीचे डोळे रडून सुजले होते. पंचेचाळिशीची बाई, साधी ढाक्याची साडी, केसांत कालचीच मल्लिगेच्या फुलांची वेणी सुकलेली. इंचरा तिच्याच हाताखाली पीएचडी करत होती. भार्गवीने स्वतः कॉफी मागवली, रेवण्णालाही दिली, आणि "त्याला त्रास देऊ नका, देवमाणूस आहे," असं म्हणाली.

"ती काय करत होती, मला समजेल असं सांगा," पोन्नम्मा म्हणाली.

"जिवंत पेशीला एक पापुद्रा असतो. स्निग्ध रेणूंचा, दोन रेणूंइतका जाड. तसा पापुद्रा आम्ही काचेवर बनवतो. त्यातले काही रेणू रंगवलेले असतात, ते चमकतात. मग लेसरने एका ठिकाणचा रंग जाळून टाकायचा. तिथं काळा गोल डाग पडतो."

"मग?"

"मग बघत बसायचं. रेणू सतत भटकत असतात. आजूबाजूचे रंगीत रेणू डागात शिरतात, आतले बाहेर जातात, आणि डाग भरत येतो. किती वेळात भरला त्यावरून रेणूंचा वेग मोजता येतो."

"आणि तुमचा शोध?"

"नागाच्या विषातला एक अंश पापुद्र्यात शिरला की रेणू मंदावतात. आठ वर्षांपूर्वी मी ते दाखवलं. इंचरा तेच पुढं नेत होती." तिने डोळे पुसले. "मला अक्का म्हणायची."

"काल दुपारी तुम्ही कुठं होता?"

"दोनला घरी गेले, जरा पडले. मग सव्वासहाला मुलींच्या कॉलेजात व्याख्यान होतं. साडेआठपर्यंत तिथंच. दोनशे मुली होत्या."

"घरी कोण होतं?"

"कुणी नाही. यजमान शिमोग्याला असतात."

विभागप्रमुख प्रोफेसर श्रीकंठ अरस यांनी कॉफी विचारली नाही. ते साठीचे, शर्टाचं वरचं बटण लावलेले.

"महिनाभरापूर्वी तुम्ही तिला सगळ्यांसमोर झापलंत, खरं का?"

"खरं. सहा महिन्यांत तिला भार्गवीचा निष्कर्ष पुन्हा मिळवता आला नाही. मी म्हटलं, हात नीट चालत नसतील तर दुसरं क्षेत्र बघ."

"काल दुपारी?"

"दोन ते पाच संचालकांच्या बंगल्यावर बैठक. बारा जण होतो. पावणेसातला इथं आलो. लाल दिवा पाहिला आणि परत गेलो."

"दार उघडलं नाहीत?"

"लाल दिवा असताना कुणीच उघडत नाही, इन्स्पेक्टर." त्यांनी चष्मा पुसला. "उघडलं असतं तर बरं झालं असतं, असं रात्रभर... म्हणजे सकाळपासून वाटतंय."

बाहेर आल्यावर चेलुवय्या कुजबुजला, "मॅडम, जीभ घसरली त्यांची. रात्रभर म्हणाले. त्यांना काल रात्री कसं माहीत?"

"साठीचा माणूस सकाळपासून चार जणांना तेच सांगून दमलाय. शब्द पकडून कुणी फासावर जात नाही, चेलुवय्या."

दुपारी शवचिकित्सेचा निरोप आला. प्राणवायू न मिळाल्याने मृत्यू. वेळ तीन ते आठच्या दरम्यान, याहून नेमकं सांगता येणार नाही. संध्याकाळी संस्थेच्या संचालकांचा फोन आला: निष्काळजीपणा उघड आहे, सेवकाला निलंबित केलंय, प्रकरण वाढवू नये. रेवण्णा आपल्या पायांनी ठाण्यात आला आणि 'चाक माझ्या हातून उघडं राहिलं' असा जबाब लिहून देतो म्हणाला. निवृत्तीला त्याचे दोन महिने उरले होते.

पोन्नम्माने कागद पुढे केला नाही. तिच्यासमोर ठशांचा अहवाल होता.

"रोज फिरवतोस ते चाक?"

"रोज. दोनदा."

"पुसतोस का कधी?"

"चाक? ते कशाला पुसायचं?"

"त्यावर कुणाचेच ठसे नाहीत, रेवण्णा. तुझेसुद्धा नाहीत. घरी जा आणि जेव. सकाळपासून जेवला नाहीस तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीर्थहळ्ळीहून इंचराचे वडील आले. सुपारीच्या बागेत राबणारा माणूस. त्यांनी एकच विचारलं, तिला त्रास झाला का. पोन्नम्मा नाही म्हणाली. दाराकडे लांबवलेल्या हाताबद्दल ती बोलली नाही. जाताना त्यांनी इंचराच्या खोलीतली वही तिच्या हातात दिली. आम्हाला यातलं काही वाचता येत नाही, म्हणाले.

वहीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख आणि अंश होते. पोन्नम्मा पानं उलटत गेली. 'विष घालून, १९ अंश: डाग तसाच.' पुढच्या पानावर: 'विष न घालता, १९ अंश: डाग तसाच.' असं बारा पानं. मग आठ दिवसांपूर्वीचं एक पान: 'अक्कांच्या जुन्या चित्रफिती काढल्या. मंद सगळ्या डिसेंबरातल्या. वेगवान सगळ्या एप्रिलमधल्या. जुन्या इमारतीत एसी नव्हता.' आणि सर्वांत खाली: 'अक्कांना सांगितलं. त्यांनीच आधी लिहावं असं म्हटलं. गप्प बसल्या. यंत्रातला काच तापवायचा पाट बिघडलाय. मंगळवारी लाईट जाईल तेव्हा खोली आपोआप तापेल, तेव्हा विष घालून शेवटचं बघू.'

ती वही घेऊन अरसांकडे गेली.

अरसांनी ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खोबरेल तेल थिजलेलं पाहिलंय तुम्ही?"

"आमच्या मडिकेरीत डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते."

"हा पापुद्राही तसाच. चोवीस अंशांच्या खाली थिजतो. रेणू जागचे हलत नाहीत, डाग भरत नाही. वर गेलं की वितळतो, दहा सेकंदांत डाग भरतो. भार्गवीने विष घातलेला पापुद्रा थंडीत पाहिला, बिनविषाचा उन्हाळ्यात. रेणू थंडीने मंदावले होते. विषाचा काही संबंध नव्हता." त्यांनी वही मिटली. "त्या शोधावर तीन मुलांनी उमेदीची वर्षं घालवली. पुढच्या महिन्यात भार्गवी संचालक होणार आहे. आणि मी या पोरीला म्हटलं, तुझे हात चालत नाहीत."

"सर, भार्गवी मॅडमनी मला सगळं समजावलं. पापुद्रा, लेसर, डाग. उष्णतेचा एक शब्द काढला नाही."

अरसांनी तिच्याकडे पाहिलं.

"तो सहा बेचाळीसचा डाग," पोन्नम्मा म्हणाली. "तो किती वेळात भरला, एवढंच मला दाखवा."

गुरुवारी दुपारी पाच जण त्या छोट्या खोलीबाहेर जमले. पोन्नम्माने सगळ्यांना स्वेटर घालायला सांगितलं. भार्गवीने खुंटीवरची शाल घेतली. रेवण्णा आत यायला तयार नव्हता. पोन्नम्माने त्याला दारात उभं केलं आणि दार उघडंच ठेवलं.

अरसांनी स्वतः पापुद्रा तयार केला होता. इंचराच्या वहीत होता तसाच, तेच विष घालून. एसी एकोणीसवर होता.

"सुरू करा," पोन्नम्मा म्हणाली.

लेसर क्षणभर पेटला. चमकत्या हिरव्या पडद्यावर काळा गोल डाग पडला. सगळे बघत राहिले. दहा सेकंद. मिनिट. पाच मिनिटं झाली. डाग पडला होता तसाच होता, कडाही पुसट झाल्या नव्हत्या. भार्गवी पडद्याकडे बघत नव्हती.

"आता तिची."

सहा बेचाळीसची चित्रफीत सुरू झाली. तसाच काळा डाग पडला. कडा विरघळल्या, मधला काळोख निवळत गेला, आणि अकराव्या सेकंदाला डाग कुठे होता ते सांगता येईना.

"मंगळवारी सहा बेचाळीसला इथला एसी पावणेदोन तास चालू होता," पोन्नम्मा सांगू लागली. "खोली एकोणीसला आली होती. तेव्हा हा डाग भरणं शक्य नाही. ही चित्रफीत उकाड्यात घेतलीय. म्हणजे दोन ते पाच या वेळात, एसी बंद असताना. फायलीवरची वेळ खोटी आहे. यंत्राचं घड्याळ पुढं करायचं, फाईल पुन्हा साठवायची, घड्याळ मागं आणायचं. पाच मिनिटांचं काम."

अरसांनी चित्रफीत थांबवली.

"मला पहिल्या दिवशी स्वेटरने अडवलं. एकोणीस अंशांच्या खोलीत पोरगी पातळ कुडत्यावर बसली आणि आईने विणलेला स्वेटर बाहेर खुंटीवर ठेवला, हे पटेना. ती आत गेली तेव्हा खोलीत घाम येत होता. दुसरं, पंखा. तो चालू असता तर गॅस कोंडला नसता. तो बंद होता दोन ते पाचच. इंचरा संध्याकाळी मेली नाही. दुपारी मेली."

"म्हणजे माझ्या चाकानेच," रेवण्णा दारातून म्हणाला.

"नाही. तू विसरला असतास तर चाकावर तुझे ठसे असते. ज्याने उघडलं त्याने पुसलं. त्याआधी आत येऊन नळी काढून ठेवली. टेबलाखाली कोण बघतं? आणि तुला यंत्राचं घड्याळ फिरवता येतं का?"

रेवण्णाने नकारार्थी मान हलवली.

"मग मी विचार केला, मृत्यूची वेळ पुढं ढकलून कुणाचा फायदा? प्रोफेसर अरसांचा नाही. दुपारी ते बारा जणांत होते, संध्याकाळी एकटे इथं आले. त्यांनी वेळ बदलली असती तर स्वतःच्याच गळ्यात फास घालून घेतला असता. ज्या माणसाला दुपारचा साक्षीदार नाही आणि संध्याकाळचे दोनशे आहेत, त्याचाच फायदा." ती भार्गवीकडे वळली. "मॅडम, लाईट कधी जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं. इंचरा तेव्हा आत बसणार हे तिनेच तुम्हाला सांगितलं होतं. रेवण्णाला तुम्हीच गावात पाठवलंत. पाचला पंखा सुरू झाला, खोलीतली हवा निवळली, मग तुम्ही आत आलात. ती जमिनीवर होती. तिला ओलांडून तुम्ही संगणकापर्यंत गेलात. लाल दिवा तसाच ठेवलात. मग व्याख्यानाला गेलात."

भार्गवीने शाल अंगाभोवती घट्ट केली.

"पहिल्या वेळी ती चूक होती," ती म्हणाली. अरसांना सांगत असावी तशी. "मला खरंच वाटलं होतं की विषाने होतंय. नंतर दोन वर्षांनी लक्षात आलं. तोवर नाव झालं होतं, मुलं कामाला लागली होती. कुणापासून सुरुवात करायची, तेच कळेना."

"इंचरापासून करता आली असती," अरस म्हणाले. "ती तुमच्याकडेच आली होती."

"ती आली, पाया पडली आणि म्हणाली, अक्का, तुम्हीच लिहा, मी कुणाला बोलणार नाही." भार्गवीने शालीची कड बोटांत गुंडाळली. "तिने आरडाओरडा केला असता तर सोपं होतं. ती रोज यायची, बघायची, आणि थांबायची."

"आणि उष्णता?" पोन्नम्माने विचारलं. "ती तुम्हीच कशी विसरलात?"

"मला फक्त वेळ दिसत होती. प्रत्येक पानावर अंश लिहायची सवय तिला मीच लावली होती." ती पहिल्यांदाच पडद्याकडे वळली. "मी मात्र कधी लिहिले नाहीत."

चेलुवय्याने तिला जिन्याकडे नेलं. तिने वाटेत शाल काढून त्याच्या हातात दिली. बाहेर उकडत होतं.

अरस आपल्या खोलीत गेले. त्यांनी त्या तीन मुलांना फोन लावायला घेतले. पहिल्याने उचलला तेव्हा सुरुवात कुठून करावी हे त्यांना सुचेना, आणि पलीकडून मुलगा "सर? सर?" करत राहिला.

रेवण्णा पायरीवर बसला होता. पोन्नम्मा त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"निलंबन मागे घेतील. संचालकांशी बोललेय मी."

त्याने मान डोलावली. मग त्याने विचारलं, "त्यांनी मला काचपट्ट्या आणायला सांगितलं तेव्हा कपाटात दोन डबे भरलेले होते. मला माहीत होतं. उन्हात बाहेर पडायला मिळतंय, तिथूनच लवकर घरी जाता येईल, म्हणून बोललो नाही. बोललो असतो तर?"

पोन्नम्माला खोटं बोलणं जमत होतं. सकाळीच ती एका बापाशी बोलली होती.

"मला माहीत नाही, रेवण्णा," ती म्हणाली.

 रेवण्णा उठून आत गेला, कपाट उघडलं, आणि काचपट्ट्यांचे डबे एकेक करून खाली काढून मोजू लागला.